पऱ्हाटीवरचं जहाज

विशाखा,

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मला बोलायला उभं केलं आणि मी पाच मिनिटं सलग खोटं बोलले. समोर भंतेजी बसलेले, गाव बसलेलं, पुढच्या रांगेत पांढऱ्या लुगड्यात तुझी आई. मी म्हणाले, विशाखाचा मला कायम अभिमान वाटला. लोकांनी माना डोलावल्या, एकदोघींनी डोळ्याला पदर लावला. मी खाली बसले तर शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, उठून परत माइक घ्यावा आणि सांगावं की बाई, हात काढा. मला हिचा अभिमान नव्हता. मी हिच्यावर जळत होते, शाळेत होते तेव्हापासून जळत होते.

तुला हे ठाऊक होतं की नव्हतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून आता लिहून बसले आहे. तू वाचणार नाहीस म्हणूनच हे लिहायची हिंमत होते आहे, हेही कबूल करते.

सुरुवात कुठून झाली ते मला चांगलं आठवतं. आपण सातवीत होतो. हदगावच्या शाळेत पायी जायचो, दोघी एका गावच्या म्हणून. तुझा पहिला नंबर आला आणि माझा दुसरा. घरी आल्यावर आई म्हणाली, "गयाबाईच्या पोरीचा पयला आला म्हणं?" तिनं माझा नंबर विचारलाच नाही. गयाबाई म्हणजे तुझी आई. आमच्या घरात लहानमोठे सगळे तिला नावानं हाक मारायचे, मीसुद्धा. तू माझ्या आईला काकू म्हणायचीस. यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलं नाही. तुझ्या आईला मावशी म्हणायला मला चाळिशी गाठावी लागली.

कापसाची शेवटची वेचणी झाली की तुझी आई आमच्या रानात पऱ्हाटी उपटायला यायची. लोखंडी चिमटा बुडाशी लावायचा, पाय रोवायचा, झटक्यात झाड वर. तू मागून मुळाची माती झटकायचीस आणि मोळी बांधायचीस. मी बांधावर बसून बोरं खायचे. ती मोळी डोक्यावर घेऊन तुम्ही दोघी निघालात की मला मनातून बरं वाटायचं. वाटायचं, नंबर पहिला असला तरी चूल आमच्या पऱ्हाटीवर पेटते. अकरा-बारा वर्षांची पोरगी असा विचार करायची. आता सांगताना लाज वाटते, पण त्या वेळी तेवढाच एक आधार होता.

नांदेडला तंत्रनिकेतनात आपण एकाच खोलीत राहिलो. ती तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं आहेत आणि तीही तुझ्याशिवाय आठवता येत नाहीत, याचाही राग येतो. तू घोरायचीस. माझं तेल विचारल्याशिवाय वापरायचीस. गोदावरीच्या घाटावर गेलो की शेवटच्या तीन पायऱ्या माझा हात धरून उतरायचीस, पाण्याची इतकी भीती. अशी ही बाई पुढं पंधरा वर्षं समुद्रावर काढणार आहे असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला खुळ्यात काढलं असतं.

आणि तुला समुद्र दाखवला कुणी? मी. सूचनाफलकावरची ती नोटीस आधी मी वाचली. डिप्लोमावाल्यांना जहाजावरच्या इंजिनियरिंगचा कोर्स करता येतो, मुलींनीही अर्ज करावा. मीच तुला ओढत नेऊन दाखवली. दोघींनी फॉर्म भरले. माझा फॉर्म बाबांनी चुलीत घातला नाही की फाडला नाही. नुसतं म्हणाले, "समुद्रावर बाईमाणसानं काय करायचं असतंय गं?" आणि महिन्याभरात अहमदपूरचं स्थळ आणलं. तुझे बाबा एसटीत कंडक्टर. त्यांनी फक्त विचारलं, "जेवायला नीट मिळतंय का तिथं?" एवढं विचारून सही केली.

आमच्याकडं चाळीस एकर होते. तुमच्याकडं काही नव्हतं. तरी तू गेलीस आणि मी राहिले. हे गणित मला आजपर्यंत सुटलेलं नाही.

पुढं मी डिग्री केली, लातूरला पॉलिटेक्निकमध्ये लागले. वीस वर्षं झाली, उष्माशास्त्र शिकवते. ज्या गावात टँकरमागं घागरी लावून बाया उभ्या राहतात त्या गावात मी फळ्यावर जहाजाच्या इंजिनाची आकृती काढते. पोरं विचारतात, मॅडम, तुम्ही बघितलंय का? मी म्हणते, माझी मैत्रीण आहे त्यावर. त्यांच्या तोंडावर लगेच जे कौतुक यायचं ते माझ्यासाठी नसायचं. तरी मी दर वर्षी सांगायचे. सांगितल्याशिवाय राहवायचं नाही आणि सांगितलं की दिवसभर चिडचिड व्हायची.

तुझे फोन यायचे. कधी कुठल्या बंदरातून, नंतर नंतर ऑफिसातून. पंधरा वर्षं तू जहाजावर ते डांबरासारखं काळं तेल जाळलंस आणि मग एक दिवस म्हणालीस, "मंगे, आता हे बास. आता हे बदलायच्या कामात जाते." तिथून आपली खरी भांडणं सुरू झाली. तू डेकवर उभे केलेले उंच खांब दाखवलेस. मोटर लावून ते गरगर फिरवायचे, बाजूनं वारा लागला की जहाजाला पुढं रेटा मिळतो, तेवढं तेल वाचतं. मी म्हणाले, वारा पडला की? तू म्हणालीस, म्हणूनच नुसत्या वाऱ्यावर भागत नाही. बॅटरीवर नदी ओलांडणारी बोट चालेल, महिनाभर चालणारं मालवाहू जहाज नाही चालायचं. सौरपाट्या लावल्या तर स्वयंपाकघरातले दिवे लागतील. अमोनिया जाळता येतो, पण गळला तर माणसं मरतील. मग उरलं मिथेनॉल. टाकीत भरता येतं, इंजिनात थोडे बदल केले की जळतं. फक्त ते खनिज वायूपासून केलेलं नको, रानातल्या कचऱ्यापासून केलेलं पाहिजे.

मी तुला नडायचे. तेलाच्या निम्मीच उष्णता आहे त्यात, टाकी दुपटीच्या वर लागेल, माल कुठं ठेवणार? तू म्हणायचीस, फेऱ्या जवळच्या करू, बंदरं वाढवू. कचरा गोळा करायला ट्रॅक्टर फिरवणार, तो कशावर चालणार? आठ दिवसांनी फोन केलास आणि म्हणालीस, "तुझं बराबर हाय. यंत्रणा रानाजवळच पाहिजे." मला त्या दिवशी काय आनंद झाला होता. मग तुझ्या एका भाषणाचं रेकॉर्डिंग बघितलं. त्यात तू माझाच मुद्दा सांगत होतीस. "माझी एक मैत्रीण आहे, ती माझ्या चुका काढते," एवढंच म्हणालीस. नाव घेतलं नाहीस. मी दोन महिने तुझा फोन उचलला नाही. त्याचं कारण तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही.

मात्र मी ज्यासाठी लिहायला बसले ते हे नव्हे.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीनंतर तू लातूरला माझ्या घरी आलीस. दुपारी जेवायला बसलो. ह्यांनी आयुष्यात कधी एवढे प्रश्न मला विचारले नाहीत तेवढे तुला विचारले. माझी सायली तर जेवण सोडून तुझ्या तोंडाकडं बघत बसली होती. आणि तू तुझी कल्पना सांगितलीस. नांदेडजवळ एक लहान यंत्रणा उभी राहते आहे. लाकूडफाट्याचा चुरा कमी हवेत तापवायचा, त्याचा वायू करायचा, वायूपासून मिथेनॉल. ते मुंबईला न्यायचं आणि बंदरातल्या एका बोटीत घालून बघायचं. "पयली परीक्षा आपल्या पऱ्हाटीची घ्यायची हाय मंगे," तू म्हणालीस. "पाच-सहा ट्रॉल्या बास. मुळं नीट झटकलेली पाहिजेत, माती आत गेली की भट्टीत तिची काच होती. तू भास्करदादाला इचार. गावातल्या चार लोकांला इचार. त्यांनी हाव म्हणलं की मी गाडी पाठवते. आणि परीक्षेचे आकडे तू बघायचे."

मी म्हणाले, विचारते.

तू हात धुवायला गेलीस आणि सायली मला म्हणाली, "आई, मला विशाखामावशीसारखं व्हायचंय." साधं वाक्य. लेकरं असं बोलतात. पण माझ्या घरात, माझ्या हातचं खाऊन, तू माझी पोरगीसुद्धा घेऊन चाललीस असं मला वाटलं. बाबांना तर तू आधीच नेलं होतंस. ज्या बाबांनी मला पाठवलं नाही, ते म्हातारपणी ओसरीवर बसून मला विचारायचे, "गयाबाईची विशाखा आता कोणत्या मुलखात हाय गं?" मी सांगितलं की शेजारच्यांना मोठ्यानं सांगायचे. गेले त्याच्या आदल्या आठवड्यातही तुझीच चौकशी. माझ्या नोकरीबद्दल त्यांनी एवढंच विचारलं होतं, की दिवाळीची सुट्टी किती.

रान बघणाऱ्या माझ्या भावाला, भास्करदादाला, मी फोन केला नाही. गावात कुणालाच विचारलं नाही. दोन आठवड्यांनी तुला कळवलं, "नाही म्हणतात गं. बोंडअळीच्या भीतीनं जागच्या जागी जाळतात, कुणी द्यायला तयार नाही." कारण अगदी खरं वाटेल असं निवडलं होतं. लोक जाळतात हे खोटं नव्हतंच. तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "बरं. पुढच्या वर्षी परत इचारू."

तुम्ही तुरीच्या तुराट्या आणल्या, दुसऱ्या जिल्ह्यातून. त्याचं मिथेनॉल निघालं, बोट चालली. तू मला बोटीचा व्हिडिओ पाठवलास. मी नुसतं अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. पुढच्या वर्षी तू परत विचारलंस आणि मी परत तेच सांगितलं. दुसऱ्या वेळी तर जीभ अडखळलीही नाही.

मग तुझं दुखणं निघालं. पोटाचं म्हणता म्हणता सगळीकडं पसरलं. मी मुंबईला एकदाच आले. तुझे हात इतके बारीक झाले होते की मला बांगड्यांकडं बघवेना. तू शाळेच्या गप्पा मारल्यास, घोरण्यावरून मला हसवलंस. मध्येच विचारलंस, "पऱ्हाटी अजून जाळतेत का गं?" मी म्हणाले, हो. तेवढी एक जागा होती विशाखा, सांगायची. तू खिडकीकडं बघत होतीस, मी तुझी उशी नीट केली आणि निघाले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी भास्करदादाकडं गेले. रानात पऱ्हाटी उभीच होती, बोंडं संपलेली, नुसत्या काड्या. दादा बांधावर होता. मी विचारलं. दोन वर्षांनी, तू गेल्यावर, मी विचारलं की विशाखाच्या त्या कामासाठी आपली पऱ्हाटी द्यायची का.

दादा माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "मला कशाला इचारून राहिलीस? पऱ्हाटी आपली कवा होती? जो उपटील त्याची. आजोबापासनं हेच हाय. आपल्याला रान खाली पाहिजे, त्यांला जळण पाहिजे. आता गॅस आला, कुणी उपटाया येईना, म्हणून काडी लावतो. न्हाईतर आपण कोण देणारे?"

जन्मभर मी समजत होते की आम्ही तुम्हाला पऱ्हाटी देत होतो. ती तुमचीच होती. तुझ्या आईनं कंबर मोडून कमावलेली. जे माझं नव्हतंच त्याला मी दोन वर्षं नाही म्हणत होते. आणि तुला तर हा रिवाज माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता, त्या मोळ्या तू वाहिल्या होत्यास. मग तू मला का विचारलंस? गावात तुझ्या आईनं एक हाक दिली असती तरी काम झालं असतं.

हाच प्रश्न घेऊन मी मावशीकडं, तुझ्या आईकडं, गेले. ती दाराशी बसून तुझी कागदं पिशवीत भरत होती. मी सगळं सांगितलं. सायलीचं सांगितलं, बाबांचं सांगितलं, दोन्ही वर्षांचं खोटं सांगितलं. ती ऐकत पिशवी भरत राहिली.

मग म्हणाली, "इशाखा तर म्हणली, मंगलनं इचारलंय, गाव इचार करून राहिलंय. दोन्ही वर्सं हेच म्हणली. मी म्हणलं, अगं गावाला काय इचारायचंय? धा बाया गोळा करते, आठ दिसांत रान खाली करू. तर न्हाई म्हणली. म्हणली, ते मंगलकडूनच येऊ दे. तिचं डोकं माझ्याहून चांगलं चालतंय, तिला ह्या कामात घ्यायचं हाय. नुसतं ये म्हणलं तर ती यायची न्हाई. तिच्याकडं काहीतरी मागितलं तर येईल."

मी खोटं बोलतेय हे तुला दोन्ही वेळा कळलं होतं, किंवा कळलं नसलं तरी गाव नाही म्हणतं हे माझं उत्तर तू आईला सांगितलंच नाहीस. माझं खोटं तुला तोडायला होतं आणि तुझं मला झाकायला. खोटं बोलण्यातही तुझाच पहिला नंबर. बघ, एवढं समजल्यावर पहिला विचार मनात आला तो हा. अशी आहे मी.

मी मावशीला म्हणाले, चुकले. ती म्हणाली, "तिला सांगितलं असतंस तर ती हसली असती. मला न्हाई येत हसू."

मला तिनं माफ केलेलं नाही. ते तसंच राहू दे. मी उठायला लागले तेव्हा तिनं पिशवीतून तुझी एक वही काढून माझ्या हातात दिली. तुराटीच्या परीक्षेचे आकडे आहेत त्यात. तुझं ते कोंबड्याच्या पायाचं अक्षर. प्रत्येक पानावर उजवीकडं अर्धी जागा कोरी सोडली आहे आणि वर लिहिलं आहे, मंगल. तुझ्या चुका मी काढाव्यात म्हणून तू जागा ठेवली होतीस. "सोमवारपासनं बाया येतेत," मावशी म्हणाली. "कोन्या रानातनं सुरू करायचं ते तुझ्या भावाला इचारून सांग. आणि मुळं झटकायला सोताच्या हातानं लाग."

सोमवारपासून चार दिवस मी रजा काढून रानात होते. हाताला फोड आले. बाया हसत होत्या, मास्तरीणबाईला चिमटा धरता येईना म्हणून. पहिली ट्रॉली काल नांदेडला गेली. मी परत लातूरला आले, वही उघडली, तिसऱ्या पानावर तुझी एक चूक सापडली आणि तुला फोन करायला हात पुढं गेला.

इतकी वर्षं मी हेच बघत आले, की तुला काय मिळालं आणि मला काय मिळालं. समुद्र तुला. नाव तुला. माझे बाबा तुला, माझी लेकसुद्धा तुला. सगळ्यात तू माझ्या पुढं. एकाच बाबतीत मला तुझ्याहून चांगलं मिळालं, आणि ते मला तू गेल्यावर दिसलं. मैत्रीण. मला तू मिळालीस. तुला मी मिळाले.